ज्ञानाला पूर्ण गुण, मग मोजे दोन का?

‘परभणी जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांचे एचआयव्ही-एड्सविषयी ज्ञान व दृष्टिकोन’ असा विषय मिळाला की आपण काय करतो? एक जुनी प्रश्नावली शोधतो, मराठीत उतरवतो आणि जिंतूर-गंगाखेडकडच्या आरोग्य केंद्रांत मासिक सभेच्या दिवशी वाटतो. मीही तेच केलं होतं. आज त्या प्रश्नावलीचीच चिरफाड करू.

पहिला प्रश्न: ‘डास चावल्याने एचआयव्ही होतो का?’ भारतात हा विषाणू १९८६ साली चेन्नईत सापडला, १९९२ मध्ये नॅको आली. तेव्हापासून इतकी प्रशिक्षणं झालीत की उत्तर जवळपास सगळ्यांना पाठ आहे. ज्या प्रश्नाला सगळेच ‘नाही’ म्हणतात, तो माणसा-माणसातला फरक दाखवत नाही. दुसरा: ‘बाधित रुग्णाची सेवा कराल का?’ शेजारी वैद्यकीय अधिकारी बसलेले असताना ‘नाही’ कोण लिहील?

गुण झकास आले. फॉर्म परत देताना एक सिस्टर सहज म्हणाल्या, “पेशंट पॉझिटिव्ह आहे हे आधी कळलं ना, तर बरं पडतं. दोन-दोन मोजे घालता येतात.” त्यांच्या फॉर्मवर ज्ञानाला पूर्ण गुण होते!

आता इथे थांबा. युनिव्हर्सल प्रिकॉशनचा अर्थच हा, की रक्ताशी संबंध येणार असेल तिथे प्रत्येक रुग्णासाठी खबरदारी सारखीच. विंडो पिरियडमध्ये तपासणी निगेटिव्ह येऊनही संसर्ग असू शकतो. म्हणजे बाईंच्या त्या एका वाक्यात अर्धवट ज्ञान आणि भीती दोन्ही होतं, आणि माझ्या तीस प्रश्नांना त्यातलं काहीच सापडलं नाही.

पण भीतीला हसू नका. बाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, फार तर ७२ तासांत सुरू करायचं, २८ दिवस घ्यायचं. रात्री दोन वाजता ते कुठे मिळेल हे त्यांना कोणी सांगितलंय का? २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा (लागू १० सप्टेंबर २०१८) भेदभावाला मनाई करतो, तशीच कर्मचाऱ्यांना सुरक्षित साधनं देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. आपण मात्र संस्थेला काहीच न विचारता ‘दृष्टिकोन नकारात्मक’ असा शिक्का बाईंवर मारून मोकळे होतो.

मी आता नाव न लिहिता, सभेच्या बाहेर, एकेकाला विचारतो: मागच्या बाळंतपणात हातमोजे पुरले का? पॉझिटिव्ह रुग्णाच्या केसपेपरवर खूण करता का? सुई टोचली तर आधी कुणाला फोन लावाल?

सरासरी गुण धडाधड घसरलेत. मार्गदर्शक थोडे नाराज आहेत.