फटफटीवरचें प्रवासवर्णन

पतिपत्नींनीं भाड्याच्या फटफटीवरून व्हिएतनाममधील होई आन गांव दिवसभर पाहावें आणि त्याचें वर्णन लिहावें, ही आतां रूढ रीत झाली आहे. वाहन उत्तम; मनास येईल तेथें थांबतां येतें. परंतु या लेखकांचें ‘आम्ही’ गांवासच गिळून टाकतें! (नवविवाहितांस हें क्षम्य, लेखकांस नव्हे.) थु बोन नदीच्या गाळानें बंदर बुजत गेलें, १९ व्या शतकांत व्यापार दा नांगकडे वळला, आणि म्हणूनच जुनीं घरें टिकलीं, याचा मागमूसही बहुधा नसतो. कुआ दाइचा किनारा समुद्रानें २०१४ च्या सुमारास झपाट्यानें खाल्ला. वर्णनांत मात्र केवळ नारळीची सांवली! जुन्या पेठेंत ठराविक वेळीं फटफटीस मनाई असते. दारांवर बसविलेले लाकडी ‘डोळे’ एवढे तरी या वर्णनांत उतरतात, ते त्या सक्तीच्या पायपिटीमुळेंच.