तारीख येते, आवक येत नाही

मंडळी, चांदवडला येऊन सरासरीवर व्याख्यान द्यायचं म्हणजे जरा धाडसच. बाजार समितीतल्या लिलावाचे आकडे तुम्ही रोज बघता: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. कमाल दर एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो, किमान बहुधा गोल्टीचा असतो, आणि बहुतांश माल ज्या भावात गेला तो सर्वसाधारण. वर्तमानपत्रं त्यालाच ‘सरासरी’ म्हणतात. ती सरासरी नव्हे, पण ते असो.

अ‍ॅगमार्कनेटवर जमा होणारे हे दर केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इनवर एपीआयने कुणालाही मागवता येतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल अशी चाळणी लावायची, की उत्तर हजर. सोय उत्तम, शिवाय फुकट. पण दैनिक दराच्या त्या नोंदीत बाजाराचं नाव, वाण, प्रत, तारीख आणि तीन दर, एवढंच येतं. रकान्याचं नाव आहे ‘आवकेची तारीख’. तारीख येते, आवक मात्र येत नाही! अ‍ॅगमार्कनेटच्या स्वतःच्या अहवालांत ती टनांत दिलेली असते, म्हणजे माहिती आहे, फक्त या दारातून बाहेर पडत नाही.

यात आम्हीच फसलो. जिल्ह्यातले सगळे सर्वसाधारण दर मागवले, बेरीज केली, बाजारांच्या संख्येने भागलं आणि ‘जिल्ह्याचा भाव’ म्हणून मिरवलं. समजा, एका बाजारात १०,००० क्विंटल कांदा १,००० रुपयांनी गेला आणि दुसऱ्यात ५०० क्विंटल २,००० रुपयांनी. आमचं उत्तर १,५००. मालाच्या वजनाने काढलं तर साधारण १,०४८. क्विंटलमागे साडेचारशेचा हा फरक बघून कुणी ट्रॅक्टर भरला, तर त्याचं डिझेल कोण भरणार? आणखी एक, नमुन्याच्या चावीने एका वेळी दहाच नोंदी मिळतात. एकूण किती आहेत ते उत्तरातच लिहिलेलं असतं. ते वाचायचा कंटाळा केला, की दहा ओळींचा जिल्हा तयार.

सर्व्हरची कामगिरी मोजणारे आमचे व्यवसायबंधू काही वेगळं करत नाहीत. दहा यंत्रांचा सरासरी प्रतिसादवेळ मागवतात, त्यांची पुन्हा सरासरी काढतात. कोणत्या यंत्राने किती विनंत्या हाताळल्या, हे कुणी विचारत नाही. शतमकांचं तर त्याहून वाईट. २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियसच्या मार्गदर्शिकेत याबद्दल स्पष्ट बजावलंय: यंत्रागणिक काढलेल्या शतमकांची सरासरी निरर्थक असते. वेळेचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्यातल्या विनंत्या मोजा, सगळ्या यंत्रांच्या मोजण्या बेरजा आणि शेवटी शतमक काढा. म्हणजे आधी आवक, मग भाव. त्यातही मेख आहेच. या टप्प्यांची ठरावीक मांडणी १० सेकंदांवर थांबते. पुढे विनंती ४० सेकंद अडकली तरी शतमक १०च्या वर जात नाही, आणि पडद्यावर सगळं आलबेल.

म्हणून एपीआयवाल्यांकडे आमचं मागणं एवढंच: दरांशेजारी आवकेचा रकाना द्या. एकच. तोवर आम्ही अहवालातून आवक वेगळी उतरवून घेतो आणि बाजाराचं नाव जुळवून हाताने जोडतो. नावांची स्पेलिंगं दोन्हीकडे सारखी नसली, तर तेवढ्यातच संध्याकाळ होते.