गुपित फोडल्यानंतरचे गणित

नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाची ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ ही कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली. नऊशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात दोन काळ आलटूनपालटून येतात. दुसऱ्या महायुद्धात लॉरेन्स वॉटरहाउस हा गणिती शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडतो. त्याचा नातू रँडी १९९० च्या दशकात संगणकाच्या व्यवसायात असताना आजोबांच्या काळातील गुपितांपाशी येऊन पोचतो.

हेरकथेत सहसा गुपित फुटले की कथा संपते. येथे खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. एनिग्मा यंत्राचे संदेश वाचले जात आहेत हे जर्मनांना कळले, तर ते पद्धतच बदलतील. पण दर वेळी नेमकी त्यांचीच जहाजे बुडू लागली, तर इतके योगायोग कसे, ही शंका त्यांना येणारच. म्हणून कादंबरीतील एक तुकडी या यशाला खोटी, पण पटण्याजोगी कारणे उभी करत हिंडते. प्रत्यक्ष युद्धातही भूमध्य समुद्रातील हल्ल्यापूर्वी टेहळणी विमान शत्रूला मुद्दाम दिसेल असे पाठवले जाई. संभाव्यतेचे गणित असे जिवंत होऊन क्वचितच वाचायला मिळते.

नातवाच्या काळात सूत्र उलटे होते. पत्त्यांच्या जोडातील ५४ पानांनी संदेश लपवण्याची एक पद्धत कथेत येते. ब्रूस श्नायर या तज्ज्ञाने ती खास या कादंबरीसाठी रचली आणि परिशिष्टात ती उघड छापली. त्याच वर्षी तिच्यातील दोष सापडला. तिने तयार होणाऱ्या अक्षरमालेत लागोपाठ दोन अक्षरे सारखी येण्याचे प्रमाण २६ त १ हवे होते. ते सुमारे साडेबावीसात १ निघाले. पद्धत लपवलेली असती, तर तिचा दोषही लपून राहिला असता. विज्ञान उघडपणे का करायचे, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

उणीव मात्र मोठी आहे. लेखकाचे संकेतभेदी नायक म्हणजे मोजके विक्षिप्त, बुद्धिमान पुरुष. प्रत्यक्षात एनिग्माचे गणित मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ सालीच सोडवण्यास आरंभ केला होता. ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात युद्धाच्या अखेरीस सुमारे नऊ हजार माणसे काम करत होती आणि त्यांत जवळजवळ तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. एकट्या प्रतिभावंताची कथा रंजक असते. पण विद्यार्थ्यांना ती विज्ञानाचे अपुरे चित्र देते.

काही प्रसंग प्रौढांसाठीच आहेत. तेव्हा शिक्षकांनी पुस्तक आधी स्वतः वाचावे आणि त्यातले गणित निवडून वर्गात न्यावे.