‘जागतिक नगरी’ची उपपत्ती आणि टोकियोचे उदाहरण

जगातील धनाढ्य नगरांविषयीचे लेखन बहुधा दोन प्रकारचे आढळते. एका प्रकारात त्यांच्या वैभवाचे वर्णन असते, दुसऱ्यात त्यांची क्रमवारी. अमुक नगर श्रीमंत आहे म्हणजे तेथे नेमके कोणते काम चालते, ते कोण करते आणि त्या कामाचे मोल कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न विचारणारे ग्रंथ थोडे. सास्किया सासेन ह्यांचा न्यूयॉर्क, लंडन व टोकियो ह्या तीन नगरांवरील ‘द ग्लोबल सिटी’ हा ग्रंथ त्या थोड्यांपैकी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. २००१ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नगरविषयक अभ्यासात हा ग्रंथ इतका रुळला आहे की, त्यातील उपपत्तीचा उल्लेख आता सिद्ध गोष्टीसारखा होऊ लागला आहे. ती पुन्हा पारखून पाहण्याचे प्रयोजन त्यातूनच निर्माण होते.

‘जागतिक नगर’ ही कल्पना सासेन ह्यांच्या पूर्वीची आहे. पॅट्रिक गेडिस ह्यांनी १९१५ मधील आपल्या ग्रंथात हा शब्दप्रयोग केला. हेच गेडिस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पीटर हॉल ह्यांनी १९६६ साली ह्याच नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात राजसत्ता, बंदरे, बँका, विद्यापीठे, नाट्यगृहे अशा सर्वच गोष्टींचे केंद्र म्हणून महानगरांचा विचार आहे. पॅरिस आणि मॉस्को त्यात लंडनइतक्याच सहजपणे बसतात. जॉन फ्रीडमन ह्यांच्या १९८६ मधील निबंधात हे चित्र आकसून भांडवलाच्या आज्ञाकेंद्रांचे झाले. सासेन ह्यांनी पुढचे पाऊल टाकले ते असे की, आज्ञा देण्याचे हे सामर्थ्यसुद्धा कोणीतरी रोजच्या रोज निर्माण करावे लागते, आणि ते निर्माण करणे हाच एक उद्योग आहे. सर्व ग्रंथाचे मर्म ह्या एका विचारात आहे.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. कारखाने मोठ्या नगरांतून उठून अन्य प्रांतांत व अन्य देशांत गेले. उत्पादन जितके पांगले तितके त्याचे संयोजन अवघड झाले. वेगवेगळ्या देशांचे कायदे, करपद्धती, चलने, विमा, जाहिरात, हिशेबतपासणी ह्यांचा मेळ घालणे एकट्या कंपनीच्या आवाक्याबाहेरचे झाले आणि ती कामे विशेषज्ञ पेढ्यांकडे सोपविली जाऊ लागली. ह्या पेढ्यांना एकमेकींचा शेजार लागतो. कारण एका मोठ्या व्यवहारात वकील, बँकर, हिशेबतज्ज्ञ आणि विमेवाले ह्यांना एकत्र बसावे लागते. तारायंत्र-दूरध्वनी-संगणकामुळे नगरांचे महत्त्व ओसरेल असे भाकीत होते. घडले ते उलट. पांगलेले उत्पादन आणि एकवटलेले नियंत्रण ह्या एकाच घटनेच्या दोन बाजू ठरल्या.

न्यूयॉर्क व लंडन ह्यांच्या बाबतीत ही मांडणी विलक्षण अन्वर्थक वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या सुमारास सुमारे दहा लाख लोक कारखान्यांत काम करीत होते. १९७५ साली तेच नगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते, आणि त्यानंतरच्या दशकात रोखे व कर्जव्यवहार ह्यांच्या बळावर ते पुन्हा श्रीमंत झाले. कारखान्यांतील कामगार मात्र त्या श्रीमंतीत परत आला नाही. लंडनचा इतिहास ह्याच वळणाने जातो. १९८६ च्या मार्चअखेर तेथील महानगर परिषद विसर्जित करण्यात आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअरबाजारावरील जुनी बंधने उठविण्यात आली. नगराचे स्वराज्य आणि बाजाराचे स्वातंत्र्य ह्यांची अशी अदलाबदल एकाच वर्षात व्हावी, ह्यातील उपरोध ग्रंथात पुरेसा उमटलेला नाही.

ग्रंथाचा सर्वांत टिकाऊ भाग तिसऱ्या खंडात आहे. रात्री कचेऱ्या झाडणारी स्थलांतरित स्त्री, उपाहारगृहात भांडी घासणारा, घरी बसून शिवणकाम करणारी, हे जुन्या अर्थव्यवस्थेचे मागे उरलेले अवशेष आहेत असा समज होता. सासेन ह्यांनी दाखविले की, ती सर्व माणसे नव्या अर्थव्यवस्थेचीच अंगे आहेत. उंच पगाराच्या नोकऱ्या जेथे वाढतात तेथेच अल्प वेतनाच्या नोकऱ्यांचीही मागणी वाढते. ह्या निष्कर्षावर क्रिस हॅम्नेट ह्यांनी १९९४ साली हॉलंडमधील नगरसमूहाच्या आधारे आक्षेप घेतला. तेथे वरच्या श्रेणीतील व्यवसाय वाढले, परंतु तळच्या नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. आक्षेप योग्य आहे, आणि तो अधिक मूलगामी शंकेकडे बोट दाखवितो: सासेन ज्याला नगराचा स्वभाव म्हणतात, तो देशाच्या कायद्याचा व वेतनव्यवस्थेचा परिणाम तर नव्हे?

ह्या शंकेची खरी परीक्षा टोकियोत होते. ग्रंथाच्या नावात तीन नगरे आहेत, पण युक्तिवाद दोन नगरांवर उभा आहे आणि तिसरे त्याला जोडून घेतलेले आहे, असे वाचताना वारंवार जाणवते. लंडनचा पैसा बराचसा परक्यांचा असतो. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेबाहेरील डॉलरांचा बाजार तेथे भरू लागला, तेव्हापासून लंडन ही इतरांच्या पैशाची पेठ आहे. १९८५ च्या सुमारास जपान जगाचा सर्वांत मोठा धनको झाला तो स्वतःच्या कारखान्यांच्या निर्यातीवर आणि स्वतःच्या कुटुंबांच्या बचतीवर. ती बचत टोकियोतून वाहत होती खरी, पण तिला वाट दाखविणारे हात अर्थमंत्रालयाचे, मध्यवर्ती बँकेचे आणि उद्योगसमूहांशी बांधलेल्या मोठ्या बँकांचे होते. शिवाय टोकियोतून कारखाने न्यूयॉर्कप्रमाणे उठून गेलेच नव्हते. १९८३ साली एकट्या ओटा ह्या विभागात सुमारे नऊ हजार लहान कारखाने होते, आणि मोठ्या कंपन्यांना लागणारे नमुने व सुटे भाग तेथील दोन-चार माणसांच्या कार्यशाळांत घडत होते. ‘उत्पादन बाहेर, नियंत्रण आत’ हे सूत्र येथे लागू कसे करावयाचे?

त्यातून ज्या वर्षांत टोकियो श्रीमंतीच्या शिखरावर दिसले ती वर्षेच फसवी होती. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनची किंमत चढली. निर्यातदारांना सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने बँकदर अडीच टक्क्यांपर्यंत खाली आणला आणि १९८७ च्या फेब्रुवारीपासून १९८९ च्या मेपर्यंत तो तेथेच ठेवला. स्वस्त कर्ज जमिनीत गेले, जमीन गहाण ठेवून आणखी कर्ज काढले गेले, आणि त्यातले बरेचसे शेअरबाजारात उतरले. १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर होता. सासेन ह्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी तो दहा हजारांच्या खाली घसरला, आणि जुनी उंची ओलांडण्यास त्याला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मधल्या काळात, १९९७ च्या नोव्हेंबरात, यामाइची ही जुनी रोखेपेढी बंद पडली. पुढच्या वर्षी दीर्घ मुदतीच्या कर्जांची एक प्रमुख बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जमिनीच्या फुगलेल्या भावाला नियंत्रणसामर्थ्याचे फळ समजणे ही गल्लत १९९१ मध्ये क्षम्य होती. दुसऱ्या आवृत्तीतही टोकियोचे स्थान तसेच ठेवण्यात आले, हे मात्र पटण्याजोगे नाही.

रिचर्ड हिल आणि जून वू किम ह्यांनी २००० साली नेमका हाच मुद्दा मांडला: टोकियो आणि सोल ही राज्यसंस्थेने विकासासाठी घडविलेली नगरे आहेत, आणि न्यूयॉर्कच्या मापाने ती मोजणे चूक आहे. सासेन ह्यांनी त्याला उत्तर दिले. आपल्या उपपत्तीत राज्यसंस्था वगळलेली नाही, असा त्यांचा पवित्रा होता. वगळलेली नाही हे खरे. पण ती पार्श्वभूमीला आहे, आणि टोकियोत ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी होती. जॅनेट अबू-लुघोद ह्यांचा तीन अमेरिकन नगरांवरील १९९९ चा ग्रंथ ह्या दृष्टीने अधिक सावध आहे. एकाच देशातील न्यूयॉर्क, शिकागो व लॉस एंजलिस ह्यांनाही त्या एका साच्यात कोंबत नाहीत.

दुसरी अडचण मोजमापाची आहे, आणि ती सासेन ह्यांच्या एकटीची नव्हे. कायदेविषयक सल्ला, हमी, दलाली ह्या सेवांचे ‘उत्पादन’ त्यांच्या मोबदल्यावरून ठरते. मोबदला फुगला की उत्पादन वाढले असे हिशेब सांगतो. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेतील अँड्र्यू हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की, २००८ च्या अखेरच्या तिमाहीत, म्हणजे ब्रिटिश बँका कोसळत असतानाच, राष्ट्रीय हिशेबात वित्तक्षेत्राचे उत्पादन अभूतपूर्व वेगाने वाढलेले दिसत होते. दरडोई आकडे तर त्याहून भ्रामक. लंडनच्या जुन्या ‘सिटी’त दहा हजारांहून कमी लोक राहतात आणि पाच लाखांहून अधिक लोक कामाला येतात, येणाऱ्यांची कमाई राहणाऱ्यांच्या संख्येने भागली की जो आकडा निघतो, त्याला कोणाचीच श्रीमंती म्हणता येत नाही. २०१६ साली युरोपच्या आकडेवारीत अंतर्लंडनचा पश्चिम भाग युरोपीय सरासरीच्या सहापट श्रीमंत दिसला तो बऱ्याच अंशी ह्या भागाकारामुळे. नियंत्रण निर्माण करणे हा उद्योग आहे असे एकदा मानले, की त्या उद्योगाची किंमत आणि त्याचे मूल्य ह्यांत भेद करण्याची जबाबदारी येते. ग्रंथात ती टाळली गेली आहे.

ह्या चर्चेला केवळ तात्त्विक महत्त्व आहे असे नाही. वर्णनासाठी रचलेली उपपत्ती धोरणकर्त्यांच्या हाती आदर्श होऊन बसते. भारत सरकारच्या अर्थमंत्रालयाने नेमलेल्या, पर्सी मिस्त्री ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र करण्याविषयी अहवाल दिला. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर हे त्यातील मापदंड होते, आणि भांडवली व्यवहारांवरील निर्बंध उठविणे ही एक प्रमुख शिफारस होती. मुंबईत त्या वेळी रिझर्व्ह बँक होती, दोन्ही मोठे शेअरबाजार होते, विशेषज्ञ पेढ्या आणि त्यांचा आपसातला शेजारही होता. सासेन ह्यांच्या सूत्राप्रमाणे आवश्यक ते बहुतेक सर्व तेथे जुळलेले होते. देशातील पहिले आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र मात्र २०१५ साली गांधीनगरजवळ, शासनाने विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून आखून दिलेल्या जमिनीवर सुरू झाले.