आत्मकथनाचे रसिक आणि देहाची प्रकृति

पनवेलहून मुंबईस जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत टाळी ऐकूं आली, कीं आपण खिडकीबाहेर पाहूं लागतों. घरीं आल्यावर मात्र तेच आपण लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हें 2012 सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मकथन डोळे पुसत वाचतों. वैशाली रोडे यांनीं शब्दबद्ध केलेल्या या ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्यांतील निःसंकोच वाणी. ती वाचकापुढें गाऱ्हाणें घालीत नाहीं. बरोबरीच्या नात्यानें बोलते. आमची तक्रार आहे ती ग्रंथाच्या रसिकांविषयीं.

अशा ग्रंथांत आपण अपमान, वियोग, नृत्य आणि अखेरचा मान एवढेंच शोधतों. ज्या देहांत हें सर्व घडतें, त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याचें आपल्याला सुचत नाहीं. डॉक्टरकडे जाण्याचा संकोच वाटल्यामुळें कित्येक तृतीयपंथी मैत्रिणीच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्याच घेत राहतात. त्यांपैकीं बहुतेक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडिऑल रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढवितें. 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या, ॲमस्टरडॅम येथील 966 पारलिंगी स्त्रियांच्या पाहणींत हें द्रव्य चालू असणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें मृत्यु येण्याचा धोका तिप्पट आढळला. ज्यांनीं तें सोडलें होतें, त्यांच्यांत ही वाढ दिसली नाहीं.

यावरून उपचारच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्राडिऑलनें रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी राहतो, असें दिसतें. रक्तदाब, साखर व चरबी तपासतां येते. तंबाखू सोडतां येते. पुरुषदेहासाठीं टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या रक्ताचा दाटपणा वेळोवेळीं पाहावा लागतो. हें सर्व साधण्यास डॉक्टर हवा, आणि त्याच्या दारापर्यंत जाण्याचें धैर्य हवें. तें धैर्य आपल्या फिरविलेल्या तोंडानेंच खचतें.

सर्वोच्च न्यायालयानें 15 एप्रिल 2014 रोजीं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. मराठी वाचकानें या ग्रंथास त्याच्याही आधीं जागा दिली होती. उरली आहे ती घरची मान्यता. उद्यां आपल्याच मुलानें असें कांहीं सांगितलें, तर त्याचा हात धरून दवाखान्याची पायरी चढणारा बाप ज्या वाचकांतून निघेल, त्यालाच हा ग्रंथ कळला असें आम्ही समजूं.