प्रश्न आणि शंका

मराठवाड्यातल्या शेतकरी मेळाव्याची कोणत्याही वर्षीची बातमी काढून वाचावी. तीत एक वाक्य हमखास भेटते : उपस्थित शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्या शंकांचे निरसन केले. मग त्याच पिकावर भरलेल्या एखाद्या राष्ट्रीय चर्चासत्राची बातमी वाचावी. तेथे शंका नसतात. तेथे प्रश्न असतात, मतभेद असतात, विचारमंथन असते. एकाच बोंडअळीविषयी दोन माणसे तोंड उघडतात. एकाच्या तोंडून प्रश्न निघतो आणि दुसऱ्याच्या तोंडून शंका. शंका अज्ञानातून येते, म्हणून तिचे निरसन करायचे. प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर नसेल तर तसे कबूल करावे लागते. हा भेद कोशकारांनी केलेला नाही. ज्ञान कोणाकडे असावे आणि ते कोणी ऐकून घ्यावे, याची जी जुनी वाटणी आपल्या समाजात आहे, तिनेच तो केला आहे. संशोधनसंस्थांच्या समारंभांकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे, असे कोणी विचारील. समारंभ ही देखील एक संहिता असते. तिला व्यासपीठ असते, भाषा असते, पात्रे असतात, आणि कोणाला संवाद द्यायचा व कोणाला नुसते उभे करायचे हेही तीत आधीच ठरलेले असते.

आमचे सेलू कापसाचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर आणि मानवत रोड यांच्या मध्ये ते आहे. आमच्या जिल्ह्याच्या गावी, परभणीला, १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले. त्या नावासाठी कोणाचे घर जळाले नाही, आणि जळू नयेच. परंतु १९७८ च्या जुलैत दुसऱ्या एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा याच मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, हे नावांचा इतिहास सांगताना वगळता येत नाही. असो. विद्यापीठाच्या स्थापनादिनी, म्हणजे १८ मेला, खरीप शेतकरी मेळावा भरतो आणि मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, रब्बीचा. दोन्ही दिवस मराठवाड्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत आणि त्या दिवशी संशोधकाने शेतकऱ्याला सामोरे जावे ही कल्पना मुळात चांगली आहे. तिची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही.

या विद्यापीठाचे कामही नाकारता येण्याजोगे नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ साली ‘नांदेड–४४’ हा संकरित वाण आला आणि कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या घराघरांत त्याचे नाव झाले. १९८५ साली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आली; शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगापुढे टिकाव धरील अशी जात रानभेंडीच्या एका जातभाईशी संकर करून काढलेली. (आमच्या जिल्ह्यात क्रांती प्रथम भेंडीला लाभली, हा विनोद नव्हे, नोंद आहे.) २०१८ साली लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आली. हे सर्व संशोधन प्रत्यक्ष शेतावर उभे आहे आणि शेत मजुरांच्या हातांवर उभे आहे. संकरित कापसाचे बियाणे कसे तयार होते ते पाहावे. संध्याकाळी एकेक कळी हातात घेऊन तिच्यातले पुंकेसर नखाने काढून टाकायचे, खूण करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण तिच्यावर घासायचे. कळीगणिक हे करावे लागते. हे काम बहुतेक बाया आणि पोरीच करीत आल्या. वाणाच्या जन्माची खरी सुईण तीच. चर्चासत्रातल्या निबंधात तिचा उल्लेख ‘मजुरी’ या सदरात येतो, आणि सदराखाली येते ती रक्कम.

मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘शेतकरी बंधू-भगिनींनो’ असे संबोधन असते. शेतकरी म्हणजे कोण? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. अनुदान त्याला, पीकविमा त्याला, मार्गदर्शनही त्यालाच. २०११ च्या जनगणनेत देशात स्वतःची किंवा कसायला घेतलेली जमीन करणारे ११ कोटी ८८ लाख होते, आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. म्हणजे शेतीवर राबणाऱ्यांत जो मोठा गट आहे, त्याला उद्देशून मंडपात एक शब्दही नाही. ‘शेतमजूर बंधू-भगिनींनो’ असे संबोधन छापलेली पत्रिका ज्या वाचकाने पाहिली असेल त्याने ती जपून ठेवावी. आणि या मोठ्या गटात आपली माणसे किती, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. महार वतनाच्या जमिनी, गायरानाच्या जमिनी आणि त्यांवरून झालेल्या लढायांचा इतिहास आपल्यालाच ठाऊक आहे.

संबोधन नसले की प्रश्नही नसतो. ‘परभणी शक्ती’चेच घ्या. लोह आणि जस्त कोणाच्या रक्तात कमी आहे? ज्या बाईच्या रक्तात ते कमी आहे ती आज ज्वारी खाते का? सालदाराला आणि मजुराला धान्यात मजुरी मिळत होती तेव्हा त्याच्या घरात ज्वारी येत होती. त्या पद्धतीत गुलामी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आज मजुरी रोखीत आली आणि स्वस्त धान्य दुकानात गहू-तांदूळ आला. ज्वारी तिला बाजारातून विकत आणावी लागते. मग शक्ती कोणाला मिळणार? हा प्रश्न जनुकशास्त्राचा नाही असे म्हणून तो उडवून लावता येईल. परंतु ज्या वाणाचे समर्थनच गरिबांच्या पोषणाच्या नावाने होते, त्याच्याविषयी हा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे.

खरे निर्णय मेळाव्यात होत नाहीत, आणि खरे पाहता चर्चासत्रातही नाहीत. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन व विकास समितीची बैठक दरवर्षी भरते. वाण, अवजारे आणि लागवडीच्या शिफारशी तेथे मांडल्या जातात, तपासल्या जातात आणि मान्य किंवा अमान्य होतात. शिफारशीचा व्याकरणशास्त्रीय कर्ता नेहमी शेतकरी असतो : शेतकऱ्यांनी अमुक अंतरावर लागवड करावी, अमुक यंत्र वापरावे. यंत्राच्या बाजूने मांडला जाणारा एक नेहमीचा मुद्दा म्हणजे ‘मजुरीत बचत’. कापसाची सघन लागवड करा, म्हणजे यंत्राने वेचणी करता येईल, असा सध्याचा कल आहे. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. किलोवर वेचणी करून ज्या बाईची बोटे फाटतात तिला यंत्र नको असेल असे समजणे म्हणजे तिच्या दुःखावर कविता करणे होय. पण ‘बचत’ हा शब्द ज्या बाजूने लिहिला आहे ती बाजू एकच आहे. वाचलेली मजुरी एका घरातून वाचते आणि दुसऱ्या घरातून जाते. त्या दुसऱ्या घराचा रकाना शिफारशीत नाही.

बाबासाहेबांनी हा रकाना १९१८ सालीच उघडला होता. भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या निबंधात त्यांनी जमिनीच्या तुकड्यांपुरते पाहिले नाही; शेतीवर रिकामे पडलेले हात कोठे जाणार, असे विचारले आणि उत्तर उद्योगीकरणात शोधले. त्याआधी दोन वर्षे, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. आपल्या विचारपरंपरेचा एक मोठा ग्रंथ हा मुळात सेमिनारचा निबंध आहे, हे चर्चासत्राला ‘त्यांचे’ म्हणून सोडून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे. आणि मेळाव्याला ‘खालचे’ समजणाऱ्या प्राध्यापकांनी जोतीरावांकडे पाहावे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. पुस्तकरूपाने तो लोकांपुढे येण्याआधी जोतीराव त्याचे भाग गावोगाव लोकांना वाचून दाखवीत होते. पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत अशी सूचनाही त्यांनी त्यात केली आहे. तो मेळावाच होता. मात्र त्यात शंकानिरसन नव्हते, सरकारला आणि भटशाहीला जाब विचारणे होते.

आता समारंभांच्या सांस्कृतिक अंगाकडे. राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडामहोत्सवाचे नाव ‘अश्वमेध’ आहे. धावपटूला घोडा म्हणणे समजू शकते, पण या यज्ञात घोड्याचे काय होत असे हे नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? कूटदन्त ब्राह्मणाला पशुहत्येविना यज्ञाचा अर्थ सांगणाऱ्या बुद्धाची ही भूमी, आणि तिच्या विज्ञाननिष्ठ म्हणवणाऱ्या विद्यापीठांना खेळासाठी दुसरा शब्द सापडला नाही. याहून गंभीर गोष्ट लोककलेच्या नावाने चालते. युवक महोत्सवांतून पोतराज येतो, अंगावर आसूड ओढतो, टाळ्या घेतो आणि गुण मिळवतो. हलगी वाजते ती पाहुण्यांच्या स्वागतासाठी. ज्या पोराचा आजा केस वाढवून, कमरेला चिंध्या बांधून दारोदार फिरला आणि ज्याच्या बापाने ते केस कापून टाकले, त्या पोराने पुन्हा ते कपडे घालावेत आणि त्याला ‘संस्कृतीचे जतन’ म्हणावे, ही केवढी क्रूर थट्टा! हलगीला आमचा विरोध नाही. तिच्यात जी ताकद आहे ती मोर्च्यात आम्ही ऐकली आहे. पण रंगमंचावर तिच्यातली जात वगळून ताल तेवढा उचलला जातो, आणि वाजवणाऱ्याला मागच्या दाराने जेवायला पाठवणारा गाव कार्यक्रमात कोठेच दिसत नाही.

परभणी हे राज्याचे विद्यापीठ आहे. तेथे राखीव जागा आहेत आणि म्हणून आपली मुले चर्चासत्राच्या दालनापर्यंत पोचली आहेत. देशातल्या फार मोठ्या म्हटल्या जाणाऱ्या संस्थांचे काय? मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभांनी १९४५ साली सुरू केली. कुलाब्याच्या समुद्राकाठची तिची इमारत १९६२ मधली. बुधवारचे तेथले व्याख्यान प्रसिद्ध आहे. भाभा स्वतः चित्रे काढीत आणि त्यांनी संस्थेसाठी आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह जमवला. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र तेथे आहे. विज्ञान आणि कला एका छपराखाली आणण्याची ही दृष्टी थोर होती यात शंका नाही. पण त्याच छपराखालचा कायदा पाहा. १९७५ च्या केंद्रीय आदेशाने वैज्ञानिक व तांत्रिक संशोधनाच्या वरच्या पदांना आरक्षणातून सूट मिळाली. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्थांच्या प्रवेश-आरक्षण कायद्याने उत्कृष्ट संस्थांची एक यादी सूट देऊन बाहेर ठेवली, तीत ही संस्था आहे. २०१९ च्या अध्यापकांच्या आरक्षणाच्या कायद्यातही तशीच यादी आहे. गुणवत्तेचे हे सोवळे कायद्याने नेसवलेले आहे. भिंतीवर भारताचे भाग्य रंगवायचे आणि दारावर यादी लावायची! याच संस्थेत १९४५ ते १९६२ पर्यंत गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी होते. ते दालनाबाहेर पडले, पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवले, शेंदूर फासलेल्या दगडांना इतिहास विचारला, धनगरांशी बोलले. तेथल्या माणसांच्या शंका त्यांनी फेडल्या नाहीत. स्वतःचे प्रश्न घेऊन ते त्यांच्याकडे गेले. संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही.

म्हणून दालनात पोचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांशी दोन शब्द. कृषी विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी सेमिनार हा स्वतंत्र गुणांचा विषय असतो. विषय निवडायचा, इंग्रजीत मांडायचा, प्रश्नांना तोंड द्यायचे. ज्यांच्या आया वेचणीला जातात अशी मुले आज हे सेमिनार देतात, ही लहान गोष्ट नव्हे. त्या निबंधात एक रकाना वाढवता येतो. वेचणीचा किलोमागचा दर, दिवसाला होणारे किलो, हंगामाचे दिवस, यंत्र आल्यावर उरणारे दिवस. मोजमापाची पद्धत तुमच्याकडे आहे. माहिती तुमच्या घरात आहे. मार्गदर्शक म्हणतील, हा विषय आपल्या विभागाचा नाही. तेव्हा कोणत्या विभागाचा आहे, एवढे लेखी विचारावे.

आणि कार्यकर्त्यांनी मेळाव्याला जावे. १८ मे हा दिवस उन्हाळ्यातला. त्या सुमारास आमच्याकडच्या बाया पेरणीआधी रानातल्या पऱ्हाट्या आणि धसकटे वेचीत असतात. चर्चासत्राला येणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, तो मिळालाच पाहिजे. मेळाव्याला येणाऱ्या मजूर बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तो कोण भरून देणार, हे १८ मेच्या मंडपात, ध्वनिक्षेपक हातात आल्यावर, पहिल्यांदा विचारावे.