बालमधुमेहातील बीटा पेशी : वर्गीकरण आणि त्याची मर्यादा

१९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी बालमधुमेहींच्या स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपांत लिम्फपेशींचा दाह नोंदविला. एक्झिटर विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासाने हा आजार एकजिनसी नसल्याचे मांडले : सात वर्षांच्या आत निदान झालेल्यांत प्रोइन्सुलिनची प्रक्रिया बिघडलेली व बी-लिम्फपेशी अधिक, तेरा वर्षांनंतर निदान झालेल्यांत मात्र इन्सुलिनयुक्त द्वीपे तुलनेने अधिक टिकून राहिलेली. हे वर्गीकरण मौलिक आहे. तथापि त्याचा ऊतीविषयक आधार म्हणजे मोजके पाश्चात्त्य नमुने. त्याच वर्षी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या सहभागातील संशोधनाने युरोपीय जनुकीय जोखीम-गुणांक भारतीयांतही उपयुक्त असल्याचे दाखविले. परंतु जनुकीय साम्य म्हणजे ऊतीतील साम्य नव्हे. म्हणून घनसावंगीच्या बालकाविषयी या आधारे भाकीत करणे घाईचे ठरेल. त्याला वेळेवर निदान व इन्सुलिन मिळणे मात्र कोणत्याही वर्गीकरणाची वाट पाहू शकत नाही.